कमरेचा कांदा आणि काकूंची खुर्ची

चार बायका रोज एका जागी घाम गाळायला लागल्या की किश्शांचं पीक आपोआप येतं. त्याला ना खत लागतं ना फवारणी! आमचा पांढुर्ण्याचा हॉट योगाचा क्लास घ्या.

शेजारच्या सौंसरची रश्मी हे सगळं नागपूरला शिकून आली. तापलेल्या खोलीत आसनं करायची, म्हणजे पाय मजबूत होतात, असं तिचं म्हणणं. जागा दिली गुणवंतभाऊंनी. त्यांची संत्री भरायची टिनाची शेड उन्हाळ्यात रिकामीच असते. मी शाळेत शिकवते. स्कूटीवरून पडून प्लास्टर लागलं होतं, ते निघालं तेव्हा एक पाय माझा अन् दुसरा कुण्या बारक्या पोरीचा वाटायचा. म्हणून मीही नाव घातलं.

पहिल्या दिवशी रश्मी बसमधून दोन हीटर घेऊन उतरली. मे महिन्यात! भाऊंनी हीटर पाहिले, वर टिनाकडे पाहिलं अन् म्हणाले, "बाई, हे वापस घेऊन जा. आमच्या टिनाचा अपमान होऊन राह्यला!"

*

विमलकाकू म्हणजे भाऊंची थोरली वहिनी. साठी कधीच ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. रश्मीनं विचारलं, "काकू, वजन कमी करायचं का?"

"वजन राहू दे वं माय, ते मी कष्टानं कमावलं! मले महालक्ष्म्यांच्या पंगतीत वाकून वाढता आलं पाह्यजे."

महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरी; थोरली सून म्हणून त्या जेवणाचं पहिलं पुरण त्यांच्या घरी काकूच वाढायच्या. पण गेली दोन वर्षं भाऊ त्यांना प्लास्टिकची खुर्ची टाकून देत अन् जाऊबाई वाढत. भाऊंची ती मायाच होती. काकूंना मात्र ती खुर्ची टोचायची. "माह्याच घरात मी पाहुणी झाली," त्या म्हणाल्या.

*

ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे जवळ कांदा ठेवतात. क्लासलाही आम्ही सगळ्या कमरेला कांदा खोचून हजर! रश्मीनं खाली वाकायला लावलं अन् टपटप, टपटप, शेडभर कांदे! बायका मॅट सोडून कांद्यांच्या मागे.

"आसन सोडू नका!" रश्मी ओरडली.

काकू तशाच ओणव्या होत्या. "मी कुठं सोडलं? माहा कांदाच पळून राह्यला!"

*

एकदा आम्ही उत्कटासनात होतो. म्हणजे खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं थांबायचं. पाय लटपटतायत, घाम डोळ्यांत जातोय, अन् अचानक गारेगार वारा! सोबत खसचा वास! पाहतो तर भाऊंनी घरचा कूलर आणून दारात लावलेला.

रश्मी रडकुंडीला आली. "भाऊ, हे गरमीतच करायचं असते!"

"तं करा ना! पण माह्या शेडमध्ये बायका घामानं न्हाऊन राह्यल्या, अन् मी घरी कूलरपुढं बसू?"

क्लास संपल्यावर आम्ही सगळ्या त्याच कूलरपुढे पन्हं पीत बसलो. इतकं सुख मला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

*

श्रावणात गारवा आला अन् हीटरला मान मिळाला. पण लाईटचा भरोसा नाही. एके दिवशी ती गेलीच. रश्मी म्हणाली, "चला, आज सुट्टी."

"लाईट गेली ना? महालक्ष्म्या तं येऊनच राह्यल्या!" काकूंनी मॅट सोडली नाही. मग आम्हीही थांबलो.

त्या दिवशी काकू खाली बसल्या, पण उठताना अडकल्या. मी खांदा पुढे केला. "नाही जमत वं मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. घरी जाताना मात्र लक्षात आलं, त्यांचा सगळा भार माझ्या त्या बारक्या पायानं पेलला होता. रश्मीचे, भाऊंचे अन् त्या टिनाचेही मी मनातल्या मनात आभार मानले.

*

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमचा अख्खा क्लास पंगतीत होता. काकू पुरणाचं ताट घेऊन आल्या अन् पहिल्या पत्रावळीपुढे थांबल्या. काकू वाकल्या, पुरण वाढलं अन् सरळ उभ्या राहिल्या. मग दुसरी पत्रावळ, मग तिसरी. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा भरल्या डोळ्यांनी मला पत्रावळीवरचं धड दिसत नव्हतं.

पुढे तुपाची धार अन् आग्रह. रश्मी "बस काकू, बस काकू" म्हणत राहिली अन् काकू वाढत राहिल्या.

पंगत उठली. तेवढ्यात भाऊ सवयीनं प्लास्टिकची खुर्ची उचलून धावत आले. "वहिनी, बसा आता, पाय भरून आले असतीन."

काकूंनी तुपाचं भांडं सावरत मागे बोट दाखवलं.

"मले कायले? रश्मीले द्या ते. पोरीले केव्हाचं उठता नाही येऊन राह्यलं!"