पालथा तांब्या

काही किस्से माणूस चारचौघांत रंगवून सांगतो आणि काही नुसते साचत जातात. आमच्या बाकावरचे सगळे साचलेले. वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात किडनीच्या ओपीडीबाहेर एक लांब बाक आहे. रक्त द्यायचं आणि रिपोर्टची वाट पाहत तिथे बसायचं. महिन्यातून एकदा आम्ही तिघं तिथे भेटतो. आंजीचे भाऊराव, भाजीपाला पिकवून बाजारात विकणारे. जामच्या चौकात संत्र्याच्या रसाची गाडी लावणाऱ्या शेवंताबाई. आणि मी, नाचणगावचा, पुलगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून रिटायर झालेला.

तिघांच्या किडन्या थकलेल्या, तिघांच्या रक्तात पोटॅशियम जास्त, तिघांना एकच पावडर. आणि तिघांपाशी सांगण्यासारखं जे काही आहे, ते मान खाली घालूनच सांगावं लागतं. पण आता फार साचलंय, म्हणून सांगतो.

* * *

पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून सगळं समजावलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या.

"काका, तुमची किडनी पोटॅशियम नीट बाहेर टाकत नाही. ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. ही पावडर ते आतड्यात पकडते आणि शौचावाटे बाहेर काढते. साध्या पाण्यात ढवळायची, बसून प्यायची, ढवळली की लगेच. बाकीच्या गोळ्या तीन तास आधी किंवा तीन तास नंतर."

मी मान हलवत होतो. मग त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यात महत्त्वाचं. हिने पोट जड होतं. शौचाला झाली नाही तर पावडर घ्यायची नाही, आधी आम्हाला फोन. ती आत अडकून बसली तर आतड्याला इजा होते. सध्या रोज होते ना?"

शेजारी माझी सून वनिता उभी. दारात नर्स. त्यांच्या मागे पुढचा पेशंट डोकावतोय.

आयुष्यभर मी माइकवरून सांगत आलो की गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे. मग ती गाडी देवळीपाशी पंक्चर होऊन पडलेली का असेना. त्याच आवाजात मी म्हणालो, "एकदम टायमावर, मॅडम."

* * *

भाऊरावांना टोमॅटो, पालक, बटाटा यांची मनाई झाली. आता जो माणूस टोमॅटोच विकतो, त्याने हे गिऱ्हाइकाला कसं सांगावं?

आठवडी बाजारात एक बाई म्हणाली, "भाऊ, आंबट तं नाई ना? तुमी खाऊन दाखवा." भाऊरावांनी खाल्ला. दुसरी म्हणाली, तिलाही खाऊन दाखवला. आपला माल आपणच खात नाही असं दिसलं तर बाजारात तोंड कुठे दाखवणार? दिवसभर माणूस टोमॅटो खात बसला.

संध्याकाळी पायांतला जोर गेला, छाती धडधडायला लागली. भाऊरावांनी काय करावं? एकदम दोन पुड्या घोळल्या आणि त्याच घोटात बीपीच्या, थायरॉइडच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या घेतल्या. नशीब, मुलाने उचलून हॉस्पिटलात आणलं.

मॅडम चिडल्या. "ही पावडर हळूहळू काम करते. छाती धडधडली की दुसरी पुडी घ्यायची नाही, सरळ इथे यायचं. आणि सगळ्या गोळ्या तिच्यासोबत घेतल्या तर ती त्यांनाही धरून बसते. मग त्यांचा उपयोग काय?"

भाऊराव खाटेवरून म्हणाले, "मॅडम, हे सारं खरं हाये. पण बाजारात सांगू नका."

* * *

शेवंताबाईंची तक्रार वेगळी. पावडर तोंडात वाळूसारखी कचकचते. त्यांनी आपल्या गाडीवरचा उपाय केला. संत्र्याच्या ताज्या रसात पावडर घोळली, वरून चिमूटभर काळं मीठ घातलं आणि रोज मोठ्या आनंदाने प्यायल्या.

पुढच्या महिन्यात पोटॅशियम आणखी वर. नर्सने खोदून खोदून विचारलं तेव्हा रसाचं निघालं. नर्स कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, संत्र्यात केवढं पोटॅशियम असतं! ज्याला बाहेर काढायचं, त्याच्याच ग्लासात तुम्ही औषध घालता?"

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, दोघं आतल्या आत पाहून घेतीन."

* * *

आता माझ्या घरचं. माझा मुलगा महेश बुटीबोरीच्या कारखान्यात आहे, रविवारी घरी येतो. बाबांना बीपी आहे म्हणून त्याने नागपूरच्या मॉलमधून महागाचं मीठ आणलं. कमी सोडियमचं. पाकिटावर हसणारं कुटुंब. महिनाभर वरणात, भाजीत तेच पडत होतं.

माझा रिपोर्ट बिघडला तेव्हा मॅडमनी घरातलं सगळं विचारलं आणि मिठाचं पाकीट मागवलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं. सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं.

महेशने ते पाकीट दोन-तीनदा उलटंपालटं केलं. मोठा इंजिनियर माणूस, पण चेहरा एवढासा झाला. म्हणाला, "बाबा, मी तं समोरचीच बाजू वाचली."

* * *

पण माझी खरी अडचण मिठाची नव्हती. ती मॅडमच्या त्या शेवटच्या प्रश्नाची होती. रोज झाली की नाही, हे मला विचारणार कोण?

माझी बायको सुमन, तिला कमी ऐकू येतं. तिला सांगायचं म्हणजे नाचणगावभर सांगायचं. महेश रोज सकाळी कारखान्यातून फोन करून विचारायचा, पण मागे मशीन धडधडत असे, म्हणून तो ओरडायचा, "बाबा, झाली काऽ?" एक दिवस त्याच्यामागे सगळी शिफ्ट हसताना ऐकू आली. फोन बंद झाले.

राहिली वनिता. पावडर तीच घोळून द्यायची. आता सुनेने सासऱ्याला हे विचारायचं आणि सासऱ्याने उत्तर द्यायचं? आमच्या घरात ती माझ्यासमोर मोठ्याने हसलेलीही नाही.

मागच्या अंगणात आमचा संडास. बाहेरच्या ठेंगण्या भिंतीवर माझा पितळी तांब्या असतो. प्लॅस्टिकच्या मगशी माझं कधी जमलं नाही. एका सकाळी वनिता हातात ग्लास घेऊन त्या तांब्याजवळ उभी राहिली आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली, "तांब्या पालथा दिसला तं पावडर देईन. सुलटा दिसला तं देणार नाई, डॉक्टरले फोन लावीन."

आणि आत निघून गेली. मी जास्वंदीकडे बघत राहिलो, पण मनातून सुटलो. बोलावं लागणार नव्हतं.

* * *

इथून पुढचं सांगताना मला खरंच लाज वाटते.

पोट अडलं. मी तांब्या सुलटा ठेवायला गेलो आणि मनात आलं, आता ही फोन लावणार. अंगणात उभी राहून सांगणार, 'मामाजीले नाई झाली.' पलीकडे शेजारीण भांडी घासत असणार. मी तांब्या पालथा घातला. वनिताने पावडर आणून दिली. ती पिणं धोक्याचं हे मला पाठ होतं, म्हणून ती वळताच ग्लास जास्वंदीच्या बुडाशी ओतला. मग पोट अडलं की हेच व्हायचं.

महिनाअखेर पोटॅशियम चढलेलं. मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि वनितावर घसरल्या. "औषध नीट देता की नाही? काकांच्या जिवाशी खेळ आहे हा."

वनिता खाली मान घालून ऐकत राहिली. आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

बाहेर बाकावर शेवंताबाईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, लेकीच्या जागची पोरगी हाये थे. तुमच्या पोटाचं ओझं तिच्या डोक्यावर काऊन ठेवता?"

दुसऱ्या दिवशी मी तांब्या सुलटा ठेवला. वनिताने फोन केला, पोट साफ व्हायचं औषध मिळालं, सगळं सुरळीत झालं. पण पावडर जास्वंदीला जात होती, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. तांब्याला तेवढं सांगता येत नव्हतं.

* * *

मग माझ्या धाकटीला, अश्विनीला, पाहायला पाहुणे यायचे ठरले. यवतमाळकडचे लोक. मुलाचे वडील म्हणजे पिळदार मिशा, कडक इस्त्री आणि बोलणं मोजकं. असं स्थळ पुन्हा येणार नाही असं सगळे म्हणत होते.

नेमकं त्याच आठवड्यात माझं पोट पुन्हा अडलं. मला हॉस्पिटलात न्यावं लागलं तर कार्यक्रम मोडेल, म्हणून मी जुनी लबाडी पुन्हा सुरू केली. तांब्या पालथा, पावडर जास्वंदीला. पाहुणे यायच्या सकाळी मात्र पोट दगडासारखं झालं होतं आणि पायांत जोर नव्हता. भाऊरावांची खाट डोळ्यांसमोर आली. मी गुपचूप तांब्या सुलटा करून आलो.

पाहुणे आले. मुलाचे वडील प्रवासातून आल्या आल्या मागच्या अंगणात जाऊन आले. पोहे झाले, अश्विनी समोर येऊन बसली. मी पोह्यांना हात लावला नव्हता. तेवढ्यात वनिता आतून आली आणि तिने माझ्या हातात पावडरीचा ग्लास दिला.

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा शांत होता. म्हणजे तिला तांब्या पालथा दिसला होता.

बैठकीत जास्वंद नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्लास ओठांपर्यंत नेला. ते तिने आपल्या हाताने घोळलेलं, आणि मला काही झालं असतं तर जन्मभर तिनेच उत्तर दिलं असतं.

ग्लास खाली ठेवला. आवाज माझा नव्हता, स्टँडवरचा होता.

"वनिता, सोमवारपासून नाई झाली."

पाहुण्यांच्या चमच्यांचा आवाज थांबला. वनिता म्हणाली, "पण मामाजी, तांब्या तं पालथा हाये."

"आज तो मी नाई ठेवला. अन् या हप्त्यात जेव्हा जेव्हा ठेवला, तेव्हा खोटा ठेवला. पावडर सारी जास्वंदीले गेली. मॅडम तुह्यावर चिडल्या, तेव्हाबी तेच होतं."

वनिताने पदराने डोळे पुसले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, फोन लावला. शब्दन् शब्द नीट सांगितला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, पावडर देऊ नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

सुमनला दारावरची बेल कधी ऐकू येत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "म्हणूनच जास्वंद वाळून राह्यली."

मुलाचे वडील उठले. "आमची गाडी दारात हाये. चला." त्यांनी मला दंडाला धरून उठवलं, पायरीशी माझ्या चपला पायांनी सरळ केल्या. वनिता रिपोर्टची पिशवी घेऊन गाडीत मागे बसली.

मला पुढे बसवताना ते खाली वाकले. इतक्या हळू बोलले की फक्त मला आणि वनिताला ऐकू आलं.

"तांब्या मीनं पालथा ठेवला, सवयीनं. झाली तं मलेही नाई."