झिऱ्यावरचा घोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. मराठीत तर मनातल्या मनातही नाही — शाळा इंग्रजी, त्यामुळे लाज वाटेल असं काही असलं की मी ते इंग्रजीत ठेवून देते. तिथे ते जरा लांबचं वाटतं.

माझं काम उल्हास नदीचं पाणी तपासायचं, घाटाच्या पायथ्यापासून थेट खालच्या शहरांपर्यंत. कोंडाण्याच्या पुढे एक वाडी आहे. नदी आटली की तिथल्या बायका काठच्या वाळूत खड्डा खणतात, झिरा, आणि त्यात पाझरलेलं पाणी करवंटीनं हंड्यात भरतात. हंड्याआधी पहिली करवंटी पाहुण्याला. मला ती बुधीनं दिली. तिला सातवा लागला होता.

वरच्या अंगाला कुठल्याशा फार्महाउसचा संडासाचा पाइप नदीत सोडलेला मी येतानाच पाहिला होता. बोलले का? नाही. करवंटी ओठांना लावली, घसा हलवला — आणि पाणी ओढणीत जिरवलं.

"बाटलीतलं पिऊन पिऊन फिक्की पडलीस गं," बुधी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही.

झिऱ्याचं पाणी भरून आणलेली तपासणीची बाटली घरी ओट्यावर ठेवली. पाण्यात मैला असला की ती काळी पडते. पडली — डांबरासारखी. ऑफिसात मी लगेच कळवलं. खालच्या शहरांना इशारा गेला. वाडीला सांगणं माझ्याकडे होतं.

गेलेही. तोंड उघडणार, तर बुधीच पुढे. "जगलीस ना गं? आमचं पाणी पिऊन झालं काय तुला?"

खरं सांगायचं, तर आधी हे सांगावं लागलं असतं की मी प्यायलेच नव्हते. एवढीशी तर गोष्ट — नव्हती का?

"नाही. काही नाही झालं," मी म्हटलं.

पावसाच्या तोंडाला वाडीत कावीळ आली. पोटुशी बाईला ती सोसत नाही. बुधी गेली, पोटातल्या बाळासकट.

अजून पेला उचलला की माझा घसा आधी नुसताच हलतो. कोरडा.

भेटायला गेले तेव्हा तिची सासू दारात बसली होती. "डाक्टर बोलतो, पाण्यानं झालं. पन पाण्यानं कसं व्हईल गं? तू बी प्यायली व्हतीस नं?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हटलं — हो, प्यायले होते.