मेन बंद करणारे काका

“मेन बंद केलंस मां?”

जिन्यात कोणी बॅग घेऊन दिसलं की काका हे विचारणारच. विजेचा मेन स्विच बंद न करता गावाला जाणं त्यांच्या लेखी गुन्हा. उभा जन्म वायरमन म्हणून गेलेला. एकदा स्वतः बाजारात निघाले आणि सवयीने मेन बंद केला. आत पाहुणी आलेली बहीण गिझर लावून आंघोळ करत होती. “हात आपसूक जाता गो,” अशी तिची समजूत घातली.

आम्ही शेजारच्या तिघांनी वर्सोव्याच्या खाडीत जुनी शिडाची बोट घेतली, तेव्हा काका ती बघायला आले आणि तिचेच झाले. बोटीच्या तळात पाणी साचतंच. ते उपसणारा, बॅटरीवर चालणारा पंप त्यांनी बसवला. पाणी चढलं की तरंगता स्विच वर उचलला जाऊन पंप आपोआप सुरू. दर रविवारी पालथे पडून ते पंपाच्या जाळीतला कचरा काढायचे, तळात बादलीभर पाणी ओतायचे आणि पंप चालला की मुलगा पास झाल्यासारखे हसायचे.

“निघताना सगळा बंद करा. पंपाक हात लावायचो नाय. तो बोटीचो वॉचमन आसा.”

गणपतीला काका गावी गेले. जाण्याआधी बोटीवर फेरी मारून आले. मग पाऊस कोसळत राहिला, पण पंप आहे म्हणून आम्ही निर्धास्त. विसर्जनानंतर खाडीवर गेलो तर पाण्यावर नुसती डोलकाठी.

फोन केल्यावर काका गावाहून थेट तिथेच आले, हातात आमच्यासाठी आणलेल्या गुळाच्या खाज्याची पिशवी. आमच्यातला एकजण म्हणाला, “बॅटरी मेली असणार यार. काका काय करणार?”

काका चिखलाकडे बघत म्हणाले, “बॅटरीक काय झाला नाय. जाताना पंप मीयाच बंद केलंय.”

गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. त्यांची शरम बघवत नव्हती, आणि आपण ती बघतोय याचीच मला लाज वाटली. खाज्याची पिशवी ते तशीच परत घेऊन गेले.

बोट वर काढली, सुकवली. पंप तुम्हीच बसवा म्हणून मी दोनदा त्यांच्या दारात गेलो.

“नको. ह्या हातांचो भरवसो नाय.”

जिन्यात बॅगवाला दिसला की आता ते भिंतीला चिकटून वाट द्यायचे. विचारत नसत. एकदा न राहवून मीच म्हणालो, “काका, मेन बंद केलाय हां!” त्यांनी नुसती मान हलवली. गंमत करायला गेलो, पण नको होतं ते.

परवा ते कायमचे गावी राहायला गेले. घराची चावी माझ्याकडे देऊन. काल खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायला म्हणून मी दार उघडलं. रिकाम्या खोलीत पंखा फिरत होता. रिकामा फ्रिज घुरघुरत होता. मोरीतला दिवासुद्धा चालू.

दाराशेजारी मेन होता. त्याला त्यांनी हातच लावला नव्हता.

माझा हात वर गेला. मी तो खाली घेतला आणि दार तसंच ओढून घेतलं.