रेडिओवर फडकं

अंबरनाथच्या त्या चाळीत रेडिओ एकट्या वृंदाकडे होता. तिचा नवरा मधू कारखान्यात कारकून. पंचावन्नच्या दिवाळीला त्याने तो आणला, आणि तेव्हापासून संध्याकाळी सहा वाजले की अख्खी चाळ तिच्या खोलीत. वृंदा नुसती मिरवायची. सातवीच्या फायनलची पुस्तकं मात्र फळीवरच.

फायनलला शेजारची उमाही बसणार होती. पास झालं की मास्तरीण होता यायचं, पण शाळेत जागा एकच, आणि उमाचं गणित संपत आलं होतं. नळावर ती सनावळ्या पुटपुटत उभी राहायची, त्या ऐकून वृंदाच्या पोटात दुखायचं. एवढ्या माणसांचं रांधून हिला वेळ मिळतो कुठून, मेलीला!

शेवटी वृंदाने मन घट्ट केलं. "व्हॉल्व्ह गेला," असं चाळीत सांगून रेडिओवर फडकं टाकलं. पहिले दोन दिवस हात शिवशिवत होता. पण आठवडाभरात भूगोल झाला, अपूर्णांक सुटायला लागले. जागा आपलीच, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

आणि एका संध्याकाळी उमा दारात. चेहरा उतरलेला, काखेत पुस्तक.

"वृंदाताई, तासभर इथं वाचत बसू का? तुमच्याकडे हल्ली शांत असतं."

"का गं? घरी काय झालं?"

"रेडिओ चालू होता तेव्हा सासूबाई, दीर, पोरं, सगळी तुमच्याकडे असायची. तेवढ्यातच माझं वाचन व्हायचं. आता आठवडा झाला, पान उलटलं नाही."

वृंदाला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला तोंड फिरवावं लागलं. म्हणजे हिचा अभ्यास अडलाय तर! पण आता नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि हो म्हटलं, तर ही समोर बसून भराभर पानं उलटणार. ते तिला बघवलं नसतं.

"शांत कुठलं गं? आजच दुरुस्त झाला," म्हणत तिने फडकं ओढलं आणि रेडिओचा कान पिळला.

आवाज बाहेर जायचा अवकाश, उमाच्या सासूबाई, गोदूबाई, पाट घेऊन हजर झाल्या. पाठोपाठ दीर, पोरं, सगळी चाळ.

"बरं झालं बाई," उमा म्हणाली, आणि पुस्तक घेऊन आपल्या रिकाम्या घरी गेली.

तेव्हा कुठे वृंदाच्या डोक्यात प्रकाश पडला: म्हणजे हिला वेळ मीच पुरवत होते! अंगाची नुसती लाही लाही झाली. पण आता बंद कसा करणार? गोदूबाई तर पुढ्यातच ठाण मांडून बसल्या होत्या.

"वृंदे, जरा मोठा कर गं," त्या म्हणाल्या.