भागीबाईच्या चुलीवर वाळलेल्या अळंब्या

नाशिकच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या लतिकाबाई १९९६च्या श्रावणात पेठच्या डोंगरात एकट्याच गेल्या होत्या. पालापाचोळ्यावर उगवणाऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढी छत्री असलेल्या बारक्या रानअळंब्या त्या गोळा करत. परतताना शेवाळावरून पाय घसरला आणि घोटा असा मोडला, की उभंच राहता येईना. हाका मारून मारून घसा बसला, तेव्हा कुठे सरपणाला आलेल्या भागीबाईने त्यांना पाहिलं.

तिने पाड्यावरून माणसं आणली. घोंगडीची झोळी करून त्यांनी लतिकाबाईंना तिच्या घरी नेलं. ओढ्याला पूर आलेला, पेठची वाट बंद. कण्हतानाही लतिकाबाईंच्या तोंडी एकच, "माझी टोपली राहिली हो तिकडे!"

भागीबाई भिजत परत गेली, टोपली घेऊन आली. आत पाहून मात्र तिला हसू आवरेना. "या तं कोणी खात नाय. यांच्यापायी पाय मोडला व्हय, बाई?"

"उद्यापर्यंत यांचा रंग उडेल. आज टिपून ठेवलं नाही तर या कशा होत्या ते कोणालाच कळायचं नाही."

भागीबाई दाराच्या उजेडात बसली. एकेक अळंबी पानावर घेऊन ती समोर धरी आणि लतिकाबाई पडल्या पडल्या रंग, वास, कुठल्या झाडाखालची, ते लिहीत. मग तिने त्या सुपात घालून चुलीवर टांगलेल्या बांबूच्या माचीवर वाळवल्या. पूर ओसरेपर्यंत लतिकाबाईंना नागलीची पेज भरवली.

कॉलेजच्या संग्रहात नोंद करताना 'संग्राहक' या शब्दापुढे लतिकाबाईंनी दोन नावं लिहिली. विभागप्रमुख म्हणाले, "इथे अभ्यासकाचं नाव असतं."

"अळंब्या टिकल्या त्या तिच्यामुळे, सर. मीसुद्धा."

नाव राहिलं. पुढे २००५ साली एका संशोधिकेने त्यातल्या एका अळंबीवर लेख लिहिला, त्यातही दोन्ही नावं छापून आली. तो घेऊन लतिकाबाई पाड्यावर गेल्या. भागीबाईने आपल्या छापलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"तुझे आभार मानायचे राहून गेले होते," लतिकाबाई म्हणाल्या.

"आभार कशाचं? त्या साली माजी लेक सासरी गेलती. घर खायाला उठायचं. तू आली नि बोलाया माणूस झालं."

लतिकाबाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि त्या दिवशी मुक्कामालाच राहिल्या.