पुडीतलं कार्ड

माझ्या नातवंडांनो, व्हिडिओ कॉलवर आजीचा चेहरा आता बोलताना मध्येच थिजत कसा नाही, असं तुम्ही रविवारी विचारलंत, म्हणून लिहिते.

आजोबांच्या जुन्या लॅपटॉपवर तुम्ही लिनक्स घालून दिलंत, पण वायफाय सारखं तुटायचं आणि आपली भेट अर्धवट राहायची. दोन दुकानांत "नवा घ्या" म्हणाले. लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या तिसऱ्या दुकानदाराने मात्र लॅपटॉप खोलायला घेतला. त्याने कागदावर लॅपटॉपची आकृती काढली आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला, आकृतीत त्याच जागी ठेवला.

"बिघडला का हो? नातवंडांशी बोलताना मध्येच तुटतं," मी म्हटलं.

"नाही जी, आजी. या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिनक्सवर नीट चालत नाही. दुसरं टाकून देतो, मंग बोला पोट्ट्यांसंग."

नवं कार्ड बसवून त्याने अँटेनाच्या दोन बारीक तारा त्यावर नखाने दाबून बसवल्या. "लावा फोन."

तुमच्यातल्या धाकटीने दात घासतच उचलला. चित्र थांबलं नाही. आमचं बोलणं होईपर्यंत तो मात्र पाठ फिरवून उगाच टेबल पुसत राहिला.

निघताना जुनं कार्ड त्याने पुडीत बांधून दिलं. "फेकू नका. हे खराब नाही, दुसऱ्याच्या मशीनमध्ये चालते."

त्याचं नाव विचारायचं राहिलं. आजोबांचा लॅपटॉप चालू आहे. पुडी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.