वंजिरू मॅडमची एक मिनिट शांतता

मला ऐकायला शिकवलं ते वंजिरू मॅडमनी. हे आधी सांगतो, कारण पुढचं लिहिताना हात अडखळणार आहे... आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी, इथे कतारमध्ये मेसईदच्या कारखान्यात वेल्डर. महिन्यापूर्वी दोह्याच्या बसमध्ये मोबाइल वाजला. त्यांची मदतनीस म्हणाली, मॅडम झोपेतच गेल्या. बाहेर वाळू, वर पांढरं आभाळ, आणि बस पाण्यावरून चालल्यासारखी वाटत राहिली. माझा स्टॉप कधी मागे गेला, कळलंच नाही.

मॅडम केनियाच्या. घरापासून लांब राबणाऱ्यांवर माहितीपट काढायच्या आणि त्याच माणसांना कॅमेरा, माइक हाताळायला शिकवायच्या. त्यांचा काळा रंग बघून इथे लोक त्यांना कामवाली समजत. मी चिडलो की आमच्यात वावरून शिकलेल्या हिंदीत म्हणायच्या, "अच्छा है भाई, कामवाली के सामने लोग सच बोलते हैं." पण त्या दिवशी त्यांचा चहा तसाच गार व्हायचा.

एका शुक्रवारी आमच्या खोलीत चित्रण झालं. माझ्या हाती माइक देऊन म्हणाल्या, आता सगळे एक मिनिट गप्प. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती नंतर फिल्मला जोडायला लागते. मी मराठीत सांगितलं, तर आमची माणसं उठून, माना खाली घालून उभी! खोलीतले सगळ्यांत वयस्क शिंदेमामा हळूच म्हणाले, "कोण गेलं रे?"

"कुणी नाही मामा, आवाज घेतोय."

"कशाचा? सगळे तर गप!"

अर्थ कळल्यावर मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुन्हा घेतलं, तेव्हा हेडफोनमध्ये एसीची घरघर, कुणाचा तरी श्वास... आणि त्याच्याही तळाशी आई सुपात ज्वारी पाखडतेय, असं मला ऐकू आलं.

मग मी आपणहून कॅमेऱ्यासमोर बसलो. सहा वर्षं आईला सांगत आलोय की मी इथे सुपरवायझर आहे, ते खोटं आहे, हे सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरलो. आईने फिल्म बघितली तर? "मॅडम, ते काढा." त्यांनी लगेच काढलं. एवढंच म्हणाल्या, "तेरी बात है. पहले माँ को बता, फिर दुनिया को." फिल्ममध्ये त्या जागी आता आमच्या खोलीची शांतता आहे.

मॅडम, तुमचे उपकार मी फेडीन. हे छापून येईल तेव्हा सुट्टीवर घरी पोचलेला असेन. आईसमोर बसून आधी खरं सांगेन. मग ती रडेल, शिव्या देईल, काय वाटेल ते बोलेल... मी मध्ये बोलणार नाही. ऐकेन.